वरची पेटी

घारीनं पुड्यात दोन बोटं घातली, वरची बिस्किटं बाजूला सारली आणि तळाशी गेलेला एक तुकडा काढून घेतला.

“अगं, अख्खं घे की,” पुडा पुढे धरणाऱ्या बाई म्हणाल्या. पुडा त्यांनी आत्ताच फोडला होता, तिच्यासाठीच.

“अख्खी विकायची असतात,” घारी म्हणाली आणि तुकडा तोंडात टाकला.

बाई हसल्या. आजूबाजूच्या दोघातिघांनाही हसू आलं. दुसरीतली पोर, मांडीवर दप्तर, आणि बोलणं मुरलेल्या दुकानदाराचं. हसली नाही ती फक्त बस चालवणारी तिची आई. सिग्नल हिरवा झाला होता, मागचा टेम्पो हॉर्न वाजवत होता, आणि ती आरशात लेकीचा चेहरा बघत बसली होती. त्या चेहऱ्यावर हट्ट नव्हता की लाज नव्हती. आपल्या वाट्याचं काय ते तिला ठाऊक होतं आणि तेवढं तिनं घेतलं होतं.

“ड्रायव्हरबाई, निघायचं का आज?” मागून कुणीतरी विचारलं.

तिनं गिअर टाकला.

घारीच्या आजोबांचं, म्हणजे आईच्या सासऱ्यांचं, किराणा मालाचं दुकान याच बसच्या वाटेवर होतं. खाली दुकान, वर घर. दुकानात काउंटरखाली एक लाकडी पेटी असे. असायची ती जमिनीवर, पण सगळे तिला ‘वरची पेटी’ म्हणत, कारण तिच्यात पडेल ते सगळं संध्याकाळी जिना चढून वर जायचं. कालचा पाव, डागाळलेली सफरचंदं, पोचे आलेले डबे, तारीख टेकलेलं दूध, खोका उतरवताना फुटलेल्या बिस्किटांचा चुरा. काही डब्यांवरचे कागद सुटून गेलेले असत. आत काय आहे ते डबा उघडल्यावर कळायचं, आणि जे निघेल ते त्या दिवशी जेवायला. एकदा वाटाण्याचा म्हणून उघडलेल्या डब्यातून पाकातले पीच निघाले, तेव्हा घारी आनंदानं घरभर नाचली होती.

सासरे कंजूष होते असं कुणी म्हटलं तर ते खोटं ठरेल. गिऱ्हाइकाच्या पिशवीत ते वजनापेक्षा एखादं फळ जास्तच टाकत. आणि वरच्या पेटीतलंही सगळ्यात वाईट ते स्वतः घेत. पावाचं कडक टोक कायम त्यांच्या ताटलीत. गिऱ्हाइकाला चांगलंच द्यायचं आणि माल वाया घालवायचा नाही, या दोन गोष्टींवर ते हातगाडीपासून दुकानापर्यंत आले होते. आता चांगलंच द्यायचं म्हटल्यावर उरलेल्याचं करायचं काय? त्यासाठी घर होतंच की.

सासूबाईंनी याबद्दल कधी तोंडातून शब्द काढला नव्हता. त्यांच्याकडे एक आखूड सुरी होती, पातं झिजून बोटाएवढं राहिलेलं. सफरचंदाचा डाग त्या एका फिरकीत काढत आणि फोडी अशा मांडत, की कुठून काय गेलं ते शोधूनही सापडू नये. लग्न होऊन आल्यापासून त्या डाग काढत होत्या, आणि घरात कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

तिलाही नव्हतं वाटलं, म्हणजे सुरुवातीला. नवरा जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यातच. पहाटे डेपो गाठायचा, दुपारी शाळेच्या थांब्यावर लेकीला बसमध्ये घ्यायचं, पाळी संपवून घर गाठायचं, मग अभ्यास, कपडे, डोळे मिटेपर्यंत काही ना काही. आयतं ताटलीत येतंय ते कसं आहे, हे बघायला उसंत कुणाला होती? आणि बाहेरून आणणार तरी कसं? किराणा दुकानदाराची सून दुसऱ्या दुकानातून पिशव्या भरून आणते म्हटल्यावर सगळ्या रस्त्याला बोलायला विषय झाला असता.

पण आरसा होता ना. दुकानासमोरच तिच्या बसचा थांबा होता, आणि तिथून माणसं पिशव्या घेऊन चढत. पिशवीतून ताज्या पावाचं टोक वर आलेलं असे. लालबुंद सफरचंदं मांडीवर घेऊन लोक बसत, कुणी वाटेतच एखादं पुसून खायला लागे. आपल्याच घरच्या दुकानातली फळं ती रोज आरशात बघत होती, आणि घरी गेल्यावर त्यांच्या चुलत भावंडांच्या फोडी खात होती. हे सगळं तिनं गिळलं होतं. आज मात्र ते घशाशी आलं.

शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली. चहापुरती सुट्टी होती. तिनं चहा घेतला नाही, फोन काढला.

किराणा घरपोच देणाऱ्या त्या सेवेचं नाव तिला शोधावं लागलं नाही. गेले कितीतरी दिवस त्यांची जाहिरात तिच्याच बसच्या अंगावर होती. भली मोठी पिशवी धरून हसणारी एक बाई. ती बस दुकानासमोर थांबली की सासरे नेमके पाठमोरे होऊन फडताळातले डबे सरळ करायला लागत.

“ये इकडे,” तिनं घारीला बोलावलं. “यातली बिस्किटं निवड.”

“कुणासाठी?”

“तुझ्यासाठी.”

घारीनं बराच वेळ लावला. अंगठ्यानं चित्रं वर सारायची, परत खाली आणायची. शेवटी लाल कागदातला एक पुडा निवडला, जो आजोबांच्या दुकानात कधी आला नव्हता. मग आईनं दोन-तीन पाव घेतले, सफरचंदं घेतली, दूध, अंडी घेतली. सगळं झाल्यावर फोननं विचारलं: एखादी वस्तू नसेल तर पर्यायी वस्तू चालेल का?

तिनं ‘नाही’ दाबलं. एकदा दाबलं तरी पुरलं असतं, तिनं दोनदा दाबलं.

पत्ता घरचा, म्हणजे दुकानाचाच. वेळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळची. खाली सूचना लिहायला जागा होती, तिथे तिनं लिहिलं: मागच्या गल्लीतून यावं, तिकडच्या जिन्यानं वर. मी काही कुणाला घाबरत नाही, असं तिनं स्वतःला बजावलं. उगाच तमाशा कशाला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून ती वर आली, तेव्हा फोनवर निरोप येऊन पडला होता. सामान पोहोचलं. स्वीकारलं: दुकानदार.

स्वयंपाकघरात सासूबाई पाव कापत होत्या.

“आई, माझं काही सामान आलं का?”

“सामान? नाही बाई. पाव आला तेवढा वर. आज लवकरच पाठवला यांनी. खाली ताजा आला म्हणे.”

तिनं टेबलावरच्या पावाला हात लावला. सकाळचा होता, कडा सुकलेला. तिच्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. मग ती दप्तर सोडवत असलेल्या घारीला तिथेच ठेवून आतल्या जिन्यानं तडक खाली गेली.

दुकानात संध्याकाळची गर्दी होती. फळांच्या टोपलीवर सासऱ्यांच्या अक्षरातला पुठ्ठा: हात लावू नये, मागावे. टोपलीत तिची दोन सफरचंदं उरली होती. बाकीची एका गिऱ्हाईक बाईंच्या पिशवीत निघाली होती.

“सफरचंदं आज फारच सुंदर आहेत हो,” त्या म्हणत होत्या.

“आपल्याकडे असतातच,” सासरे म्हणाले. त्यांचा चष्मा कपाळावर होता. मागे वरच्या फळीवर, दर्शनी जागी, लाल कागदातला पुडा मांडलेला होता.

“बाबा, तो पुडा माझा आहे.”

“कुठला?”

“तो लाल. सफरचंदंही माझीच. मघाशी माल आला ना, तो मी मागवला होता. घरासाठी.”

सासऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “तू? कुणाकडून?”

“माझ्या बसवर ज्यांची जाहिरात आहे, त्यांच्याकडून.”

रांगेतल्या माणसांना अचानक साबणाच्या वड्यांवरचा मजकूर वाचावासा वाटू लागला. सासऱ्यांच्या मानेपासून लाली चढत वर गेली. दुपारी पाव कमी पडला म्हणून त्यांनी पाववाल्याला फोन केला होता. संध्याकाळी एक माणूस खोकं घेऊन दारात आला, मागच्या गल्लीची सूचना त्यानं वाचलीच नसावी; आडनाव बरोबर, पत्ता बरोबर. त्यांनी गर्दीत ते घेतलं, उघडलं आणि हातासरशी मांडून टाकलं. ताजं आलं म्हणून सकाळचा पाव वर पाठवला. आयुष्यभर करत आले तसंच केलं, आणि ज्या घरपोचवाल्यांचं नाव काढलं तरी जेवण बिघडायचं, त्यांचा माल स्वतःच्या हातानं, स्वतःचा म्हणून विकला.

“वर बोलू,” ते हळूच म्हणाले.

“वर बोलूच. पण हे मी आत्ता नेते.”

ती काउंटरच्या आत गेली. पुडा काढला, दोन सफरचंदं, दुधाची बाटली. अंडी ट्रेमधल्या अंड्यांत मिसळली होती, तिनं वरची, स्वच्छ, न तडकलेली मोजून घेतली. पाव एकच राहिला होता, तो काखेत मारला. माणसांनी वाट करून दिली.

“माझ्या पिशवीतली परत देऊ का गं?” त्या गिऱ्हाईक बाईंनी ओशाळून विचारलं.

“असू द्या,” ती म्हणाली. “तुम्ही रांगेत उभं राहून घेतलीत.”

शटर त्या दिवशी जरा लवकरच खाली आलं. सासरे वर आले, हात धुतले, खुर्चीत बसले आणि टेबलावरच्या लाल पुड्याकडे बघत राहिले.

“ती मंडळी मला बंद पाडायला बसलीत,” ते म्हणाले. “समोरच्या इमारतीतली निम्मी घरं त्यांच्याकडून मागवतात. मला दिसत नाही असं वाटतं का? रोज दिसतं. आणि आज माझ्याच दारात.”

तिला वाईट वाटलं. खरंच वाटलं. म्हातारा माणूस, दिवसभर उभा राहून पाय सुजलेले. पण वाईट वाटलं म्हणजे गप्प बसावं असं थोडंच आहे? इतकी वर्षं ती वाईट वाटूनच गप्प बसली होती.

“बाबा, तुमचं दुकान बंद पडावं असं मला वाटत नाही. त्यांच्यापेक्षा तुमचा माल चांगला आहे, मी रोज बघते. मला तोच द्या. उद्यापासून मी तुमच्याकडूनच घेईन, पैसे देऊन. रांगेत उभी राहीन.”

“रांगेत? घरची माणसं?” सासरे हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. “घरच्यांना कसलं गिऱ्हाईक म्हणायचं?”

“मग मी मागवणार. दर आठवड्याला. आणि आता मागच्या दारानं नाही, पुढच्या.”

“या घरात आजवर कुणी उपाशी झोपलंय?”

“नाही झोपलं. पण काल बसमध्ये एका बाईंनी घारीपुढे बिस्किटांचा पुडा धरला. हिनं त्यातून शोधून तुकडा काढला. अख्खी विकायची असतात म्हणाली.”

सासऱ्यांचा चेहरा उजळला. “दुकानदाराची नात आहे,” ते म्हणाले.

त्यांनी ते कौतुकानं म्हटलं, आणि तिथेच तिचा तोल गेला. आवाज मात्र तिनं चढवला नाही. बस चालवणाऱ्या माणसाला रागात हात स्थिर ठेवायची सवय असते.

“तिला वाटतं, चांगलं असेल ते दुसऱ्याचं. आज बिस्किट आहे. उद्या तिला कुणी काहीही तुटकंफुटकं देईल, नोकरीत देईल, संसारात देईल, आणि ही हसून घेईल, वर आभार मानेल. मला ते नकोय, बाबा. मी चालवून घेतलं, तिला नाही चालवून घेऊ देणार.”

सासूबाईंनी मधल्या वेळात टेबलावरचं एक सफरचंद उचललं होतं. डाव्या हातात फळ, उजव्या हातात ती झिजलेली सुरी. त्या फळ हळूहळू फिरवत होत्या. एक फेरा झाला, दुसरा झाला. देठाजवळ बघितलं, बुडाशी बघितलं.

“काप ना, आजी,” घारी म्हणाली.

“कुठून कापू गं?” सासूबाई म्हणाल्या.

त्यांनी ते विनोदानं विचारलं नव्हतं. सुरी तशीच हातात राहिली. मग त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि ते अख्खं सफरचंद नातीच्या हातात दिलं.

घारीनं लाल पुडा फोडला. वरचं बिस्किट चिमटीत धरून बाहेर काढलं, अगदी गोल, कडेला नक्षी असलेलं, आणि आजोबांकडे बघितलं.

“घेऊ?”

आजोबा उठून आतल्या खोलीत गेले.

“घे,” आई म्हणाली. “विचारायचं नाही. घे.”

रात्री नवऱ्याचा निरोप आला, कुठल्याशा बंदरातून. बाबांना जरा सांभाळून घे, त्यांचा फोन आला होता. तिनं वाचला आणि उत्तर लिहिलं: तू आलास की तुलाही ताजा पाव मिळेल. मग बऱ्याच वेळानं एकच ओळ आली. मी कायम टोक खायचो, बाबांबरोबर.

ती ओळ तिनं दोनदा वाचली, पण पुढच्या आठवड्याची मागणी रद्द केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घारी शाळेत गेली होती आणि ती आपल्या फेरीवर होती. बस दुकानासमोरच्या थांब्यावर लागली. दरवाजे उघडले, माणसं चढू लागली. सवयीनं तिनं आधी आरशात बघितलं, मग सवय मोडून खिडकीतून सरळ दुकानाकडे.

रस्ता अरुंद होता आणि दुकान उघडंच, सगळं दिसत होतं. पाच-सहा माणसांची रांग. आणि रांगेत सासूबाई.

तिनं डोळे बारीक करून पुन्हा बघितलं. त्याच होत्या. केस नीट विंचरलेले, पायात बाहेर जायच्या चपला, खांद्याला ती पर्स जी फक्त लग्नकार्यात निघायची. आतल्या जिन्यानं उतरल्या असत्या तर थेट काउंटरच्या आतच आल्या असत्या. त्या आल्या होत्या मागच्या गल्लीतून वळसा घालून, पुढच्या दारानं. पुढच्या गृहस्थांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. त्यांनी मान हलवून नको म्हटलं आणि आपल्या जागी उभ्या राहिल्या.

नंबर आला. सासऱ्यांनी वर बघितलं. काहीतरी विचारलं, बहुधा वर काही हवंय का असंच. सासूबाईंनी एकच शब्द उच्चारला. सासरे वाकले आणि काउंटरखालून पाव काढून पुढे ठेवला. सासूबाईंनी तो दोन बोटांनी परत सरकवला आणि हात लांब करून मागच्या फळीकडे दाखवलं. वरच्या.

सासरे तसेच उभे राहिले. रांग बघत होती. मग त्यांनी वळून फळीवरचा पाव काढला.

एवढ्यावर भागेल असं तिला वाटलं होतं. पण सासूबाई फळांच्या टोपलीकडे वळल्या. पुठ्ठा उचलून त्यांनी बाजूला उभा करून ठेवला. एक नासपती उचलली, अंगठ्यानं हळूच दाबून बघितली, परत ठेवली. दुसरी उचलली. ती उजेडात फिरवली, नाक लावून वास घेतला, तीही परत ठेवली. इतक्या चोखंदळ गिऱ्हाइकाला सासऱ्यांनी एरवी चार शब्द सुनावले असते. ते दोन्ही हात काउंटरवर टेकून बघत होते.

बसमधली घंटा वाजली, पुन्हा वाजली.

“काय झालं, ड्रायव्हरबाई?” पुढच्या सीटवरून बिस्किटवाल्या बाईंनी विचारलं. “सगळे चढले की. कुणाची वाट बघताय?”

दुकानात सासऱ्यांनी एक कागदी पिशवी उघडून पुढे धरली होती, कुठल्याही गिऱ्हाइकापुढे धरतात तशी. सासूबाईंच्या हातात तिसरी नासपती होती. त्यांना अजून घाई नव्हती.

“एक गिऱ्हाईक आहे दुकानात,” ती म्हणाली. तिचा हात ब्रेकवरून हलला नाही. “होऊ दे त्यांचं.”